बरोबरीचं लिंबू

सोमवारी सकाळी हर्षला मगदूमने कॉम्प्युटर उघडला तेव्हा तिच्या नावावर दोन हजार एकशे सहा तक्रारी साठल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात वरची दस्तगीरचाचांची होती. चाचा तक्रार कधी लिहीत नसत. बोलून पाठवत, आणि तीही गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारल्यासारखी.

"तक्रार नंबर सदतीस. दस्तगीर मुजावर, इचलकरंजी. हर्षा, तुझ्या बापाला आवर. त्याची ती मिरची मावशी गैर हाय. सदतीस खेपा सांगालोय, सदतीस! तुमच्या त्या पुण्यात कुणाला कान हायत का न्हाईत?"

हर्षलाने कपाळावर हात मारून घेतला. वडिलांच्या जिवलग मित्राने वडिलांविरुद्ध मुलीकडेच तक्रार करायची, आणि मुलीने कंपनीच्या भाषेत "आपली तक्रार मिळाली, आम्ही लक्ष घालत आहोत" असं उत्तर द्यायचं. गेले तीन महिने हेच चाललं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि पगार मात्र दाताखालचं सगळं निमूट सोसण्याचा.

ती 'सरमिसळ संग्राम' या पडद्यावरच्या खेळाच्या तोल विभागाची, म्हणजे कुणी कुणावर भारी पडू नये हे बघणाऱ्या विभागाची प्रमुख होती. नावाप्रमाणेच तो खेळ म्हणजे सगळी सरमिसळ होती. जुन्या हेरमालिकेतला पोटसुट्या इन्स्पेक्टर, मंगळावर खाणी खोदणारा यंत्रमानव लोहबा, कार्टूनमधलं बोलकं मुंगूस, मसाल्याच्या पाकिटावरची मुसळ घेतलेली मिरची मावशी; ज्यांची एरवी सात जन्मांत गाठ पडली नसती असे चौसष्ट जण एका आखाड्यात उतरवलेले. प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि आपलं लेकरू हरता कामा नये हे प्रत्येक मालकाचं ठाम मत.

त्यात खेळणाऱ्याला आपल्या गड्याचे डाव हवे तसे जुळवायची मुभा. बारा डावांतले चार निवडायचे, त्यांचा क्रम लावायचा. प्रत्येक डावाचे तीन तुकडे असत. हात उगारायला लागणारा वेळ ती उचल, लागू पडतो तो ठोका, आणि फुकट गेला तर पुन्हा नीट उभं राहायला लागणारा वेळ ते सावरणं. हे सगळं सेकंदाच्या साठाव्या भागात मोजायचं. मुंगसाच्या चाव्याची उचल अशा एका साठांशाने कमी केली की आठवड्याभरात सगळा देश मुंगूस घेऊन खेळायला लागे. तेवढ्यानेच वाढवली की मुंगसाचे मालक वकील घेऊन हजर. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

त्या दिवशी अकरा वाजता मसालेवाल्यांचा माणूस आला होता. मिरची मावशी हरते याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं, एवढा समजूतदारपणा त्याने दाखवला. "पण पडताना ती कण्हते. बाजारात चुकीचा संदेश जातो. तिने हसत हसत पडावं."

"पाठीत लोखंडी घण बसल्यावर?" हर्षलाने विचारलं.

"आमच्या मसाल्यात ताकदच तेवढी आहे, मॅडम."

तिचा वरिष्ठ निरंजन सबनीस तेवढ्यात गोड हसला आणि "बघू या ना आपण, हर्षला" म्हणाला. निरंजन कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसे. नाही म्हणायचं काम त्याने तिला दिलं होतं.

दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. चाचाच होते.

"उत्तर आलं मला. लक्ष घालालाय म्हणं. कुठं घालालाय लक्ष?"

"चाचा, आकडे बघितलेत मी," हर्षला शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "अण्णा शंभरात पन्नास वेळा जिंकतात, तुम्ही पन्नास वेळा. याहून बरोबरी ती काय असते? हरलात की मशीन वाईट का?"

"आगं, हरल्याचं दुख कुणाला हाय? मी आकडे बघत न्हाई, मी ऐकतोय. एकतीस वर्सं एका शेडात जॉबर हुतो आम्ही दोघं. अठ्ठेचाळीस माग त्याच्याकडं, अठ्ठेचाळीस माझ्याकडं. एवढ्या खडखडाटात एका मागाचा ठेका चुकला की पाठमोरं कळायचं आमाला. आन आता भूपाल्या माझ्या शेजारी बसून बटण दाबतोय ते कळणार न्हाई व्हय? मावशीचं मुसळ पडतंय आधी आन त्याचं बटण वाजतंय मागनं. आधी ठोका आन मग खटका! असं कुठं आसतंय?"

"आवाज स्पीकरमधून येतो, चाचा. मागेपुढे होतो थोडा."

"माझ्या लोहबाचा हुईत न्हाई तो?" मग चाचांचा आवाज एकदम उतरला. "भूपाल्याचा हात मला ऐकू यीना झालाय, पोरी. तेवढंच सांगायचं हुतं."

त्यांनी फोन ठेवला. हर्षला चिडून जेवली, चिडूनच हात धुतले. दोन म्हाताऱ्यांचा पोरखेळ! पण ती एका जॉबरची, माग दुरुस्त करणाऱ्याची मुलगी होती. शाळेत असताना ती अण्णांना डबा पोचवायला शेडात जायची, आणि मागाला कान लावून अण्णा नुसते "बोल, कुठं दुखतंय" असं म्हणायचे तेव्हा तिला ते वेडे वाटायचे. माग मात्र सांगायचे. चाचांचा कान खोटा ठरवायला तिच्याकडे एक पन्नासचा आकडा होता, आणि तो आकडा कुठून येतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो आकडा तराजूकडून येत होता. पाच वर्षांपूर्वी कंपनीने खेळाच्या बटणपट्टीबरोबर दोन्ही मनगटांवर एकेक बांधायची रबरी पट्टी द्यायला सुरुवात केली. बटण दाबायचं मनात आलं की मेंदूकडून निघालेली आज्ञा मज्जातंतूंमधून हाताच्या स्नायूपर्यंत येते आणि स्नायूत विजेची एक बारीक लहर उठते. बोट खाली जातं ते त्यानंतर. चांगल्या हातात हे मधलं अंतर सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग. थंडीत वाढतं, थकल्यावर वाढतं, वयाने वाढतं. पट्टी ती लहर टिपायची, आणि तराजू नावाची प्रणाली डावाची उचल बटणापासून न मोजता त्या लहरीपासून, म्हणजे इराद्यापासून मोजायची. बोटाने केलेला उशीर ती गुपचूप भरून काढी. याला विभागात सूट म्हणत. वीस वर्षांचा नातू आणि सत्तरीची आजी समोरासमोर बसली तरी सामना अखेरपर्यंत रंगे. खेळ घरोघरी गेला तो या सुटीच्या जोरावर.

सूट कुणाला किती मिळते हे खेळणाऱ्याला कधीही कळू द्यायचं नाही, हा नियम क्रमांक नऊ. तो हर्षलाने स्वतः लिहिला होता. आपल्याला कुणीतरी जिंकवतंय हे कळलं की जिंकण्याची चव जाते, असं तिने तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. विभागाचा दुसरा एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. पन्नासला हात लावायचा नाही. ज्याचा आकडा पन्नासच्या आसपास, त्याच्याकडे कुणी बघायचंच नाही. बिघाड असला तर आकडा हलेल की!

एखाद्या खेळाडूची सूट बघायला दोन सह्या लागत, एक प्रमुखाची, एक उपप्रमुखाची. उपप्रमुखाची जागा आठ महिने रिकामी होती आणि ते कामही निरंजनने गोड हसून तिच्याच गळ्यात मारलं होतं. हर्षलाने दोन्ही सह्या केल्या आणि भूपाल बाबू मगदूम, वय एकाहत्तर, हे पान उघडलं.

आलेखात डाव्या हाताच्या उशिराची रेघ सरळ होती, वयाच्या मानाने छानच. उजव्या हाताची रेघ चौदा महिन्यांपूर्वी डाव्याच्या शेजारून निघाली होती आणि जिना चढावा तशी चढत गेली होती. इरादा आणि बटण यांच्यातलं अंतर जवळजवळ तिप्पट झालं होतं. दर आठवड्याला तराजूने मुकाट्याने तेवढी सूट वाढवली होती. मावशीच्या मुसळाची उचल छोटी, त्यामुळे बोट बटणावर पोचायच्या आतच ते समोरच्याच्या डोक्यात बसत होतं. चाचा शब्दशः खरं बोलत होते.

असली रेघ तिने पूर्वी एकदा पाहिली होती. पट्टी बनवताना एका डॉक्टरांनी काही रुग्णांचे हात मोजून दिले होते. कंपवाताची सुरुवात बहुतेक वेळा एकाच बाजूने होते, ते म्हणाले होते, आणि हात थरथरायला लागायच्या आधी तो मंदावतो. माणसाला वाटतं दुखतंय, वय झालं. तेव्हा तिने ते ऐकून तराजूत एक सुधारणा केली होती, अशा हातांनाही नीट खेळता यावं म्हणून. केवढी कौतुकाची गोष्ट वाटली होती ती! चौदा महिने आपल्या बापाचा हात जातोय हे आपल्याच टेबलावर लिहिलेलं होतं आणि आपण मुंगसाच्या चाव्यावर बैठका घेत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला स्वतःची इतकी चीड आली की ती उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली.

मग तिने आणखी एक गोष्ट मोजली. एकाच हाताची सूट वर्षभर सतत चढत गेलेली माणसं किती? उत्तर आलं, अकरा हजार चारशे. सगळी पन्नासवर.

निरंजनने सगळं नीट ऐकून घेतलं. "अण्णांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. त्यांना डॉक्टरकडे ने तू. पण बाकीच्यांचं... आपण डॉक्टर नाही ना, हर्षला. आणि आजपर्यंत सूट दिली हे आपण कबूल कुठे केलंय? नियम नऊ तूच लिहिलायस."

"मीच लिहिलाय. चुकलं माझं. आता मीच सांगते, खोडा."

"वकिलांना विचारू या. पुढच्या तिमाहीत मांडू आपण."

"निरंजन, पुढच्या तिमाहीपर्यंत त्या अकरा हजार लोकांना आपण अजून थोडी सूट देणार. बरोबर? म्हणजे त्यांना अजूनच कळणार नाही."

"बघू या ना आपण," निरंजन म्हणाला.

हर्षलाने रजेचा अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती इचलकरंजीत होती.

अण्णा दाराशीच भेटले. बारीक चणीचा, सरळ पाठीचा माणूस, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. चहा त्यांनी डाव्या हाताने घेतला. हर्षला कधीची बघत होती, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, पाहुण्यासारखा.

स्वयंपाकघरात तिने आईला विचारलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बटणं मीच लावतोय वर्सभर. सदऱ्याची. सही पण मुंगीएवढी करालेत. बँकेतल्या पोरीनं परत केली दोन येळा."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"मी म्हटलं त्यास्नी, दवाखान्यात चला. तर म्हणं, हात जरा आखडतोय, तेवढंच. हाताला काय झालं असतं तर खेळात कळलं असतं का न्हाई? आन खेळत्यात तर झ्याक, मी सोता बघितलंय." आईने भाकरी तव्यावर टाकली. "मग मला पण वाटलं, मशीन सांगतंय तर बरोबरच आसंल."

हर्षला बाहेर आली आणि अण्णांच्या समोर बसली. आडवळणाने सांगायचं तिने बसमध्ये खूप ठरवलं होतं, पण अण्णांपुढे आडवळण कधी चाललं नव्हतं.

"अण्णा, उद्या मिरजेला डॉक्टरांकडे जायचंय. तुमच्या हाताचं."

"कशाला? चल केंद्रावर. दाखवतो तुला हात कसा चालतोय ते. मावशीचा तिहेरी ठोका दस्तग्याला अजून सोडवता यीना."

"तो तुमच्या हाताने बसत नाही, अण्णा. मशीन तुम्हाला सूट देतंय. तुम्ही उशिरा दाबता आणि ते भरून काढतं. मीच बनवलंय ते."

अण्णांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "मला? सूट? अठ्ठेचाळीस मागांचा जॉबर हाय मी."

"आज सूट काढून खेळा. मग बोलू."

"काढ," अण्णा म्हणाले आणि चपला घालायला उठले. डावी चप्पल पटकन गेली. उजवी जायला वेळ लागला.

ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र एका जुन्या मागाच्या शेडातच होतं. माग भंगारात गेले होते, त्यांचे पाय रोवलेले खड्डे सिमेंटने बुजवलेले तेवढे दिसत. चार वाजले होते. कॅरमभोवती गर्दी होती, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पडद्यासमोर दस्तगीरचाचा आधीच बसले होते, खांद्यावर टॉवेल, मांडीवर बटणपट्टी. हर्षलाला बघून त्यांनी मान हलवली.

तिने आपल्या फोनवरून अण्णांची सूट शून्यावर आणली. अण्णा आणि चाचा शेजारीशेजारी बसले. पडद्यावर मिरची मावशी पदर खोचून उभी राहिली, समोर लोहबा घण पेलत.

पहिला सामना वीस सेकंदांत संपला. मावशीचं मुसळ उचललं जायच्या आत लोहबाने तिला भिंतीवर नेऊन आपटलं. "गाफील हुतो," अण्णा म्हणाले. दुसरा पंचवीस सेकंद चालला. तिसऱ्याला हर्षलाने पडद्याकडे बघणं सोडलं आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. चाचांचा खटका आला, की लगेच घण. अण्णांचा खटका आला, त्यामागून मुसळ. क्रम आता बरोबर होता. पण तो खटका फार उशिरा येत होता.

तिसऱ्यानंतर चाचांनी बटणपट्टी खाली ठेवली. "चा घिऊ या."

"खेळ," अण्णा म्हणाले.

पाच सामने झाले. पाचही अण्णा हरले. कॅरमवरची मंडळी केव्हाच खेळ सोडून बघायला लागली होती. अण्णांनी मनगटपट्टी सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तेव्हा हर्षलाने पुढे होऊन सोडवली.

"सकाळी सदऱ्याचं बटण लागत न्हवतं," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तवा वाटायचं, हात गेला. लई भ्या वाटायचं. मग दुपारी हितं यायचो. मावशीचं मुसळ टायमात बसायचं. मग म्हणायचो, हाताला काय धाड भरलीया? हर्षीचं मशीन हाय. ते खोटं कशाला बोलंल?"

हर्षला सोडवलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मागाचा एक नट ढिला झाला," अण्णा म्हणाले, "तर दुसरा आवळून भागवायचं न्हाई. कापड निघतंय तवर निघतंय, आन मग एक दिवस अख्खा माग मोडतो. बारीक हुतीस तवापासनं सांगत आलोय. शिकली न्हाईस व्हय गं?"

"चुकलं, अण्णा," ती म्हणाली, आणि एवढ्या माणसांसमोर रडली.

मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांना बोटं मिटायला-उघडायला लावली, चालायला लावलं, चार तपासण्या केल्या आणि कंपवातच आहे म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, रोजचा व्यायाम ठरला. "वर्षभर आधी आला असता तर तुमचा त्रास वाचला असता," ते म्हणाले. "पण अजून पुष्कळ करता येईल." आधीचं वाक्य हर्षलाने ऐकलं, नंतरचं अण्णांनी.

परत येताना बसमध्येच तिने एक पत्र लिहिलं. अकरा हजार चारशे लोकांना, साध्या मराठीत, बाकी भाषांतली भाषांतरं मशीनकडून. खेळ तुम्हाला सूट देत आला आहे, तुमच्या एका हाताचा वेग कमी होत आहे, कारण साधं असू शकेल पण एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि हे लपवल्याबद्दल माफी. खाली स्वतःचं नाव. कुणाची परवानगी न घेता पाठवून दिलं. दोन्ही सह्या तिच्याच होत्या.

मग जे व्हायचं ते झालं. कंपनीने तिला घरी बसवून चौकशी लावली. वकिलांनी तिला चार वेळा तोच प्रश्न चार प्रकारे विचारला. मुंगसाच्या मालकांनीही, त्यांचा काहीएक संबंध नसताना, निषेध नोंदवला. पण पत्र मिळालेल्यांपैकी कित्येकांचे फोन येऊ लागले, शिव्या देणारेही आणि रडणारेही, आणि वर्तमानपत्रांत बातमी आली. तेव्हा निरंजनने गोड हसत जाहीर केलं की सूट उघड करायची योजना कंपनीच्या मनात पहिल्यापासूनच होती. हर्षलाला एक ताकीदपत्र मिळालं, तीच खुर्ची परत मिळाली आणि ती योजना आठ आठवड्यांत पुरी करायचा हुकूमही मिळाला. चिडायलासुद्धा तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

तिने केलं ते अगदी साधं. गल्लीत खेळताना एखादं शेंबडं पोर मध्ये लुडबुडलं की त्याला कच्चा लिंबू करतात. ते आउट झालं तरी आउट नाही, पण ते कच्चा लिंबू आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असतं, त्यालाही. तिने सुटीचं लिंबू केलं. ज्याला सूट हवी त्याने मागायची, मग त्याच्या नावाशेजारी एक हिरवं लिंबू दिसेल आणि त्यावर सूट किती तो आकडा. नको असेल त्याला नाही. सूट अमुक इतकी वाढली की खेळ आधी डॉक्टरांकडे जायला सांगेल. नियम क्रमांक नऊ तिने स्वतःच्या हाताने खोडला.

पहिलं लिंबू अण्णांना द्यावं म्हणून ती मुद्दाम इचलकरंजीला गेली, आणि अण्णांनी ते उडवून लावलं.

"मी कच्चा लिंबू? सत्तरी उलटल्यावर? न्हाई. गोळ्या घ्यालोय, व्यायाम करालोय. हाय तसा खेळीन, हरलो तर हरलो."

"अण्णा, रोज हरून तुम्ही खेळायचंच सोडाल."

"ते माझं मी बघतो."

बापाला समजावण्यापेक्षा चौसष्ट मालकांना समजावणं सोपं, असं मनाशी म्हणत ती त्यांच्यामागोमाग केंद्रावर गेली. चाचा टॉवेल टाकून बसलेलेच होते. सूट नाही, लिंबू नाही, दोघे भिडले.

पहिला सामना अण्णांनी जिंकला. हर्षला चकित झाली. गोळ्यांनी हात सुधारला होता खरा, पण इतका? दुसराही अण्णांनीच जिंकला. तिने डोळे मिटले आणि ऐकू लागली. अण्णांचा खटका पूर्वीपेक्षा लवकर येत होता, तरी उशिराच. मुसळ त्यामागून. मग लोहबाचा घण, आणि त्याच्या आधी चाचांचा खटका. तोही उशिराच येत होता. ऐन ठोक्याच्या वेळी चाचांचं बोट बटणावर नुसतं थांबून राहत होतं.

तिने डोळे उघडले. चाचा पडद्याकडे टक लावून बसले होते. सदतीस तक्रारी करणारा माणूस! तिने तोंडातून शब्द काढला नाही. पण खोलीत ऐकता येणारं माणूस ती एकटी नव्हती.

तिसऱ्या सामन्याच्या मध्यातच अण्णांनी बटणपट्टी मांडीवर ठेवली. मावशी तशीच मुसळ उगारून उभी राहिली.

"दस्तग्या."

"काय?"

"हात चालव."

"चालवालोय की."

"तुझं बटण उशिरा वाजालंय. मी भैरा झालेलो न्हाई."

चाचांनी टॉवेलने तोंड पुसलं. "माझं बी वय झालंय, भूपाल्या."

"परवापतोर झालं न्हवतं, आन आज झालं व्हय? एकतीस वर्सं तुझा हात ऐकालोय मी. मला फसवतोस?"

अण्णांचा चेहरा लाल झाला होता. हर्षलाला वाटलं आता ते उठून घरी जाणार आणि परत कधी इथे पाऊल टाकणार नाहीत. अण्णा उठले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून बटणपट्टीवर नीट ठेवला.

"हर्षे, ते लिंबू लाव."

"अण्णा, ते सगळ्यांना दिसतं. कॅरमवाल्यांनासुद्धा."

"दिसू दे की. आधी तुझ्या मशीननं चोरून दिली, आता ह्यो चोरून दियालाय. मी काय मेलोय व्हय? द्यायची तर सगळ्यांम्होरं द्या." मग चाचांकडे वळून म्हणाले, "आन तू जर आता हात मागं घेतलास तर बघ. तोंड बघणार न्हाई तुझं."

हर्षलाने लिंबू लावलं. मिरची मावशीच्या शेजारी ते हिरवंगार उगवलं, त्यावर आकडा. कॅरमवरचा एकजण "आलं बगा लिंबू" असं म्हणाला, दुसरा हसला, अण्णांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

चाचा सरसावून बसले. सामना दोन मिनिटं चालला. खटके ताडताड पडत होते, घण आणि मुसळ एकमेकांवर आदळत होते, आणि अगदी शेवटी, दोघांचाही जीव कणभर उरलेला असताना, मावशीचा तिहेरी ठोका लोहबाच्या टाळक्यात बसला.

अण्णांनी फक्त मान हलवली, माग सुरळीत चालू लागला की हलवायचे तशी.

चाचांनी बटणपट्टी आपटली. खिशातून फोन काढला, अण्णांकडे पाठ केली आणि हर्षलापासून चार हातांवर बसून, ती तिथे नाहीच असं धरून, खणखणीत आवाजात सुरुवात केली. "तक्रार नंबर अडतीस. दस्तगीर मुजावर, इचलकरंजी. भूपाल मगदूमचं लिंबू लई मोठं हाय. ताबडतोब बारीक करा."

हर्षलाचा फोन खिशात वाजला. तिने तो काढला, लिंबावरचा आकडा पुन्हा एकदा नीट तपासला आणि उत्तर लिहिलं. आपली तक्रार मिळाली. लिंबू बरोबर आहे.